बूट काढून बसायची गाडी

११ जानेवारी, शनिवार

शेड जाणार.

ज्या आजींची ती शेड, त्या नोव्हेंबरपासून वृद्धाश्रमात आहेत. आज सकाळी त्यांचा मुलगा बिस्किटांचा डबा घेऊन दारात. जपानात माणूस असा न सांगता डबा घेऊन आला की समजावं, काहीतरी परत मागायला आलाय. पुन्हा पुन्हा वाकला. जमीन विकलीये, मार्चअखेर शेड पाडतील, तेवढी रिकामी करून द्या. मीही वाकलो. दुसरं काय करणार?

म्हणजे गाडी जाणार. गाडी ठेवायला जागा आहे हे पोलिसांना कागदावर दाखवल्याशिवाय इथे गाडी बाळगता येत नाही, आणि आमच्या अपार्टमेंटमधल्या सगळ्या जागा गेलेल्या. भाड्याने मिळतात त्या उघड्यावरच्या. इतकी वर्षं छपराखाली सांभाळलेला पत्रा मी त्सुकुबाच्या दवात उभा करणार नाही.

नोंद नीट असावी म्हणून लिहितो. रेनो फोर, मागे बंद हौदा असलेली, १९८३ची. फ्रान्समधले पाववाले, प्लंबर, पोस्टमन वापरायचे ती. मला मिळाली तेव्हा मितोजवळच्या एका शेतात पडलेली होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. पत्रा कापून नवा जोडला तो मी. इंजिन खोललं, बांधलं ते मी. मॅन्युअल फ्रेंचमध्ये होतं. आज मला फ्रेंचमध्ये क्लच प्लेटचे सगळे भाग सांगता येतात, प्यायला पाणी मागता येत नाही. इन्स्टिट्यूटमध्ये मी पीएचडी झालेल्या माणसांचे व्हॅक्यूम पंप दुरुस्त करतो. माझा स्वतःचा डिप्लोमा अर्धा राहिलेला. पण त्यांच्यापैकी एकाने या गाडीचा एक नट जागेवर बसवून दाखवावा.

एकच दोष राहिलाय. रस्त्याला जरा सांधा आला की मागून टकटक येते. शॉक अॅब्सॉर्बर बदलले, रबरं बदलली, मागचं सगळं दोनदा उतरवून चढवलं. जात नाही. विकताना हे सांगणार. लपवून विकायला मी काही दलाल नाही.

सुप्रभाला सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि बिस्किटं डब्यात भरायला लागली. कोणत्या अर्थाने बरं, ते विचारायचं त्राण नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

जाहिरात तयार केली. मराठीत बारीक अक्षरात तीन पानं, काहीही न सोडता. रंगाचे थर, बिजागऱ्या कुठे घडवल्या, मागच्या दारावरची छतातली झडप. ही झडप या गाडीची खास गंमत: शिडी किंवा बांबू न्यायचा असेल तर ती उघडायची, लांब सामानाचं टोक वरून बाहेर. मूळ झडप सडून गेली होती. नवी मी फोटो पाहून पाहून बनवली. गाडीतली सगळ्यात अवघड गोष्ट. पाणी एक थेंब आत येत नाही. अजून उघडायची वेळ आलेली नाही.

लेकीला, अस्मिताला पानं पाठवली, जपानी करून दे म्हणून. इचिकावाला राहते, कॉलेज, अरुबाइतो म्हणजे पार्टटाइम काम, तिला फोन उचलायला वेळ नाही. आज उचलला.

“नागाइ,” म्हणाली. लांबलचक.

“लांब नाही, पूर्ण आहे.”

“बाबा, हे कोणी वाचणार नाही. फोटो आणि तीन ओळी. आणि टकटक पहिल्याच ओळीत कशाला?”

“कारण ती आहे.”

पलीकडे ती हसली, मग जपानीत कोणाला तरी काहीतरी म्हणाली, मग मला म्हणाली, “आईचा फोटो पण टाकू? गाडीत बसलेली?”

शोधला. सुप्रभाचा गाडीत बसलेला फोटो नाही. गाडीच्या शेजारी उभी असलेला एक आहे, त्यात तिच्या हातात फडकं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

मागच्या दाराची वरची बिजागरी जरा बसली होती. कागदाच्या जाडीइतकी. कोणाला दिसली नसती, मला दिसत होती. संध्याकाळी ऑफिसातून थेट शेडवर जाऊन पितळी वायसर घासून घातला. आता दार बोटाने ढकललं तरी बंद होतं आणि आवाज असा येतो जसा चांगल्या कपाटाचा.

सुप्रभा अरुबाइतोवरून येताना सायकलवरून घसरली. हँडलला तांदळाची पिशवी होती. मनगट थोडं सुजलंय. काही नाही म्हणते. पिशवी फाटली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिलं गिऱ्हाईक. आपलाच. पुष्कर म्हणून, पुण्याचा, टोकियोत कोतोमध्ये राहतो, कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर करतो. अस्मिताच्या ओळखीच्या ओळखीतला. सुप्रभाने पोहे केले. म्हटलं कशाला, तर म्हणाली, “बघायला येतायत ना? मग पोहे नकोत?” थट्टा होती की काय, कळलं नाही. एका हाताने कांदा चिरत होती, त्यामुळे वेळ लागला.

पुष्करने पोहे खाता खाता मोबाइलवर दहा गोष्टी विचारल्या. सगळ्या वाचून आलेल्या. शेडमध्ये गेल्यावर खिशातून चक्क मेजरिंग टेप काढली. डावीकडच्या दोन चाकांमधलं अंतर घेतलं, मग उजवीकडचं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याचं पाकीट मारलंय.

“काका, ही ठोकलेली आहे.”

“काय?”

“उजवीकडे अंतर जास्त येतंय. पाच सेंटिमीटर म्हणजे चेसीच वाकलीये. ऑफिसमध्ये बोलतात तसं नाही, खरं सांगा हं, मी आपला माणूस आहे.”

मी त्याला गाडीखाली झोपवलं. कार्डबोर्डवर, उताणा. टॉर्च दाखवून समजावलं. मागच्या चाकांना स्प्रिंग नाहीत, पीळ खाणाऱ्या सळ्या आहेत. दोन्ही आडव्या, एकीपुढे एक. म्हणून उजवं चाक डाव्याच्या थोडं मागे. कारखान्यातूनच तशी. लाखो गाड्या तशाच निघाल्या.

“म्हणजे डिझाइनच तिरकं?”

“डिझाइन तिरकं नाही. तुमचं टेप लावणं तिरकं.”

सुप्रभा दारात चहा घेऊन उभी होती. तिने विचारलं, “दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि तरी सरळ चालते?”

“चालते ना. कधीपासून.”

“मला कोणी बोललं नव्हतं,” म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

पुष्कर जाताना म्हणाला, “काका, किमतीत थोडं खाली-वर करा, मी घेतो. शनिवार-रविवार फोटोला मस्त आहे.” मी म्हटलं, ही गाडी कमी-जास्त करायला मंडईतली मेथी नाही. त्याने डब्यातून पोहे नेले.

९ फेब्रुवारी, रविवार

कुरोदा-सान. कोतोमध्ये फर्निचरचं आणि कॉफीचं मिळून दुकान. पांढरे सुती हातमोजे घालून आले आणि मोज्यांतूनच गाडीला हात लावला. असं माणूस पाहिलं की थकवा जातो. प्रत्येक गोष्टीपाशी थांबले. छताची कड, दाराचं रबर, हौद्याची जमीन. ही जमीन मी सात पॉलिश पेपर बदलून घासलीये, तिच्यात तोंड दिसतं. कुरोदा-सान वाकून तिच्यात स्वतःचं तोंड बघत राहिले.

बोनेट उघडू का म्हटलं, तर म्हणाले, नको, तुमच्यावर विश्वास आहे.

मग चहा घेताना उलगडलं. गाडी दुकानाच्या आत ठेवायची, खिडकीजवळ. मागचं दार कायम उघडं, हौद्यात उशा, ब्लँकेटं मांडलेली. इंजिन आणि पेट्रोलची टाकी आगीच्या नियमांमुळे काढावी लागेल. “इंजिन हवं तर आपण ठेवून घ्या,” इतक्या अदबीने म्हणाले की मला आधी आभार मानावेसे वाटले.

“धुळीचा कण बसू देणार नाही,” म्हणाले. “कोणाला आत बसू देणार नाही. आपण काळजी करू नका.”

उत्तर वीस मार्चपर्यंत द्यायचंय, त्यांचं दुकान एप्रिलमध्ये नव्याने उघडतंय.

इंजिन काढणार. चालतं इंजिन. घरी येऊन सुप्रभाला सांगितलं. सुप्रभा म्हणाली, “यात वाईट काय वाटलं तुम्हाला? छान मखरात बसेल. आत्ताही तीच आहे की.”

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मात्र माणूस भेटलं. लिहून ठेवतो, कारण असे दिवस फार येत नाहीत.

ईइमुरा-सान. साठीची बाई, कासुमिगाउरा तळ्याकाठी, त्सुचिउराला कमळकाकडीची शेती. छोट्या केई-ट्रकमधून आली, ट्रकचा मागचा फळा तारेने बांधलेला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चेहरा वाऱ्याने लाल, हात माझ्या हातांसारखे. इबाराकीची बोली, निम्मी मला कळत नाही, सुप्रभाला कळते. तिच्या अरुबाइतोच्या किचनमध्ये सगळ्या तसंच बोलतात.

मी विचारलं, हीच गाडी का? मला वाटलं, जुन्या आठवणी वगैरे सांगेल. तसलं काही नाही. ती सरळ मागे गेली, जमिनीपासून हौद्यापर्यंत हाताने उंची घेतली, आपल्या मांडीला लावून पाहिली.

“बुटकी आहे,” म्हणाली. “ट्रकवर खोकी उचलून कंबर गेली माझी. यात नुसती सरकवायची. दर शनिवारी बाजाराला न्यायची असतात.”

इतक्या वर्षांत कोणी हे पाहिलं नव्हतं! सगळे गोल दिवे बघतात. ज्या माणसांनी ही गाडी बनवली त्यांनी नेमकं याचसाठी इंजिन पुढच्या चाकांना जोडलं, की मागे जमीन खाली आणि सपाट राहावी. मी तिला सगळं सांगितलं. साडेतीनशे किलो घेऊन जाते म्हटलं. छत्रीच्या मुठीसारखी गिअरची दांडी दाखवली, ओढायची, ढकलायची, पिळायची. तिने लगेच बरोबर पिळली. झडप पाहून तर टाळी वाजवली. “वेळूच्या काठ्या!” म्हणाली.

“तुम्ही काय काय नेलंत यातून?” तिने विचारलं.

मी म्हटलं, अजून काही नाही, नुकतीच पूर्ण झालीये. सुप्रभा खोकली.

मग मी म्हटलं, हौद्यात चढून पाहा, मजबुती कळेल. आणि ती काय करते तर एक पाय वर टाकता टाकता थांबली. जमिनीकडे पाहिलं. खाली उतरली. बूट काढले, दोन्ही, जोडीने शेडच्या कडेला टोकं बाहेर करून ठेवले, आणि मोज्यांवर आत चढली. घरात चढतात तशी. थंडीत, सिमेंटवरून. चवड्यांवर चालली.

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. कामाची किंमत काम करणाऱ्यालाच कळते.

खाली उतरून म्हणाली, “मोत्ताइनाइ. माझ्यासारखीला मोत्ताइनाइ.” म्हणजे, माझ्या हाती एवढं चांगलं वाया जाईल. याहून मोठी पावती नाही. कळवते म्हणाली. जाताना कमळकाकडीची भलीमोठी गड्डी दिली, चिखलासकट.

कुरोदा-सान काही म्हणू देत. गाडी ईइमुरा-सानची झाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. शेतीची कामं असतात.

कमळकाकडीची भाजी अप्रतिम झाली होती. सुप्रभाला सोलायला जमेना, मी सोलली. मनगटाला तिने क्रेप बँडेज बांधलंय. तांदूळ आता पाच-पाच किलोच आणते, दोन खेपांत.

२३ फेब्रुवारी, रविवार

“ती परत येणार नाही,” सुप्रभा म्हणाली.

मी शाकेनचे कागद लावत होतो. सरकारी तपासणीतून ही गाडी एका फेरीत पास झालीये, टकटकीसकट. “कोण?”

“ईइमुरा-सान. अहो, तिने नाही म्हटलं. त्याच दिवशी. मोत्ताइनाइ म्हणाली ना?”

“ती तारीफ होती.”

“तारीफच होती. तिला चिखलाची खोकी न्यायचीयेत. जिच्यात बूट काढून चढावं लागतं ती गाडी घेऊन ती करेल काय?”

“मी तिला बूट काढायला सांगितले नव्हते. विचार तिला.”

“तेच म्हणतेय,” सुप्रभा म्हणाली. “सांगावं लागलं नाही.”

मला राग आला. पत्रा नीट करणं हा काय गुन्हा आहे? मी म्हटलं, मग काय, गाडीला चिखल फासून विकू? ती उठून भांडी घासायला गेली. एका हाताने घासते, त्यामुळे आवाज फार होतो. मी जाऊन घासली असती, पण भांडण चालू होतं.

२ मार्च, रविवार

कोणी आलं नाही. पाऊस.

अस्मिताचा मेसेज: तिघांनी विचारलं, टकटक वाचून गेले. ओळ काढू का? नको म्हटलं.

९ मार्च, रविवार

शेडवर नुसता बसून आलो. गाडी सुरू केली, बंद केली. चक्कर मारायला बाहेर काढणार होतो, पण रस्ते ओले, आणि परत येऊन खालून पुसत बसायला आता अंगात जोर नाही. हे आधी कधी झालं नव्हतं. पन्नाशी गेली की माणूस गाडीखाली जातो सहज, निघतो कष्टाने.

एक गोष्ट मनात येते. कुरोदा-सान तिला पुसतील, झाकतील, चालवणार नाहीत. मी गेल्या वर्षात किती चालवली? शाकेनला नेली. आणली.

पण माझ्याकडे इंजिन आहे. फरक आहे.

१७ मार्च, सोमवार

कुरोदा-सानचा अतिशय सभ्य ईमेल. वीस तारखेची आठवण. दुकानातल्या जागेचा आराखडा जोडलाय, गाडीच्या जागी नुसता चौकोन.

दुसरा मार्ग दिसत नाही. मार्चअखेर शेड पडणार. गुरुवारी सुट्टी आहे, सकाळी शेड आवरतो आणि संध्याकाळी होकार कळवतो. इंजिन घरी कुठे ठेवू? सुप्रभा म्हणाली, “बाल्कनीत. तुळशीशेजारी.”

२० मार्च, गुरुवार. सुट्टी

झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळपासून थंड भुरभुर. शेडमध्ये जुना पत्रा, सडकं मडगार्ड, कोंबड्यांच्या काळातले दरवाजे, एक कामातून गेलेला जॅक, असा ढीग. तो शहराच्या कचरा केंद्रावर नेऊन टाकायचा, इथे भंगार दारात ठेवता येत नाही. मी होम सेंटरला फोन लावला. त्यांच्याकडे काही विकत घेतलं तर केई-ट्रक तासभर वापरायला देतात. पलीकडचा मुलगा सांगत होता, आज सुट्टी, सगळ्या ट्रक गेल्यात, दुपारनंतर बघा.

तेवढ्यात सुप्रभा आली. सुपरमार्केटवरून, पायी, सायकल हाताने ढकलत. मागे कॅरिअरला तांदूळ, हँडलला कांदे आणि दुधाच्या पिशव्या. केस ओले. शेडवरून घराकडे जायला चढ आहे, तो सुरू व्हायच्या आधी ती आत टेकायला आली.

“कोणाला फोन?”

“केई-ट्रक मिळते का बघतोय.”

“कशाला?”

“हे भंगार न्यायला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रेनोकडे. मग परत माझ्याकडे.

“साडेतीनशे किलो ना?” म्हणाली.

मी फोन कानाला धरून उभा. पलीकडचा मुलगा मोशिमोशी, मोशिमोशी करतोय.

सुप्रभाने सायकल भिंतीला टेकवली. मागचं दार उघडलं, ते कपाटासारखा आवाज करत उघडलं, आणि तिने डाव्या हाताने आणि पोटाच्या आधाराने तांदळाची ओली पिशवी हौद्यात सरकवली. उचलली नाही, सरकवली. मग कांदे. मग दूध. माझ्या सात पॉलिश पेपरांच्या जमिनीवर पाण्याचा एक ओघळ सरळ पुढच्या सीटपर्यंत गेला.

तिचं मनगट दिसलं, बँडेज भिजून सैल झालेलं, आणि अंगठ्याखाली अजून निळं. दोन महिने होत आले त्याला.

“सायकल मावते का?” तिने विचारलं.

“झडप उघडली तर मावेल,” मी म्हटलं.

उघडली. पहिल्यांदा. सायकल उभी घातली, हँडल वरून छताबाहेर. पेडलने आतल्या रंगावर हातभर रेघ ओढली. ती मी ऐकली. मग माझा मीच जॅक उचलला आणि आत टाकला. मग मडगार्ड. मग कोंबड्यांचे दरवाजे, विष्ठा लागलेले, एकावर एक. थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

सुप्रभा पुढे बसली. चपलांसकट. सीट मागे करायला जागा नव्हती, गुडघे डॅशबोर्डला लागत होते. “बरी आहे की,” म्हणाली. मी पट्टा लावून दिला, तिला एका हाताने जमत नव्हता.

आधी कचरा केंद्राकडे निघालो. चढ, मग तो पुलाचा सांधा, जिथे टकटक सगळ्यात जोरात येते. मी सवयीने दात आवळले.

आली नाही.

पुढचा सांधा. नाही. मी मुद्दाम वळून परत पुलावरून गेलो. सुप्रभा म्हणाली, रस्ता चुकलात का? नाही म्हटलं. गाडी मागून बसल्यासारखी, शांत, भरलेल्या घमेल्यासारखी जड आणि स्थिर चालत होती. त्या सळ्या वजनाला पीळ खायला केलेल्या. रिकामी ठेवली की त्या उड्या मारणार, आणि माणूस खाली शिरून शॉक अॅब्सॉर्बर बदलत बसणार. मॅन्युअलमध्ये हे कुठे नाही. फ्रेंच माणसाला वाटलंच नसेल की कोणी रिकामी चालवेल.

“काय झालं?” सुप्रभा.

“टकटक गेली.”

“मग हसताय का रडताय?”

केंद्रावर माझं नाव, पत्ता, भंगार कसलं, सगळं लिहून घेतलं. तिथला माणूस गाडी बघून म्हणाला, छान आहे, कामाला वापरता का? सुप्रभाने माझ्याआधी हो सांगितलं.

संध्याकाळी कुरोदा-सानना उत्तर जायचं होतं. अस्मिताला फोन करून म्हटलं, नकार सभ्य भाषेत कसा द्यायचा ते तू सांग, मला जमत नाही. ती म्हणाली, “बाबा, माजि दे?” म्हणजे, खरंच? मग म्हणाली, मी करते.

हौदा पुसला नाही. घासायला काढलेलं फडकं परत ठेवून दिलं. ठेवताना त्रास झाला.

२३ मार्च, रविवार

त्सुचिउराला. सुप्रभाने ईइमुरा-सानना आधी फोन करावा म्हणत होतो. ती म्हणाली, फोन केलात तर पुन्हा मोत्ताइनाइ म्हणेल, तुम्ही गाडीच घेऊन चला. मागे उरलेलं शेडचं सामान, दोन पोती, आणि गुरुवारचा चिखल तसाच.

शेताकडचा रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना पाणी. ईइमुरा-सान कमरेएवढ्या पाण्यात होती, पाण्याचा जाड पाइप हातात. त्याच्या जोराने चिखल सुटतो आणि कमळकाकडी वर येते. आम्हाला पाहून पाइप बंद केला. चिखल गालापर्यंत.

मी म्हटलं, टकटक गेली. वजन घातलं की जाते. एवढंच सांगायला आलोय.

ती बाहेर आली, ओघळत. मागे गेली. दार मी उघडलं. तिने आत पाहिलं. पेडलची रेघ. कोंबड्यांच्या दारांनी पडलेले चरे. तांदळाचे चार दाणे. सुप्रभाच्या चपलांचे ठसे पुढच्या बाजूला. ती बराच वेळ बघत होती, कुरोदा-सानने पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ.

“अरे,” ती सुप्रभाला म्हणाली, “ही तर गाडी आहे.”

आणि एक पाय वर टाकून चढली. बुटासकट. पाणी, चिखल, शेवाळ, सगळं तिच्याबरोबर आत आलं आणि चकचकीत पत्र्यावर पसरत गेलं. मी तळ्याकडे पाहत उभा राहिलो. बदकं होती.

मागून दोघींचा हसण्याचा आवाज येत होता. सुप्रभा अशी हसते हे मी विसरलो होतो. काय विनोद झाला ते विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला बोली कळणार नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. कडुनिंब मिळत नाही, सुप्रभाने कसलीशी कडू पानं घातली. कागदपत्रं शुक्रवारी झाली, गाडी गेली. ईइमुरा-सान स्वतः घेऊन गेली. पहिला गिअर टाकताना दांडी जरा जोरात ओढली. सांगणार होतो, नाही सांगितलं.

शेड उद्या पाडतील. मी बघायला जाणार नाही.

सुप्रभाला डॉक्टरकडे नेलं होतं काल. हाडाला बारीक चीर होती, जुनी, आता जुळत आलीये, वाकडी जुळलीये थोडी. डॉक्टरने मला विचारलं, तेव्हाच का नाही आणलं? मी म्हटलं, काही नाही म्हणाली होती. डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये लिहीत राहिला.

१२ एप्रिल, शनिवार

त्सुचिउराच्या बाजाराला बसने गेलो. सुप्रभाला कमळकाकडी हवी होती. ती कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्येही मिळते, पण मी काही बोललो नाही.

रेनो शेवटच्या रांगेत होती. तिरकी लावलेली. चाकांच्या वरपर्यंत चिखल, वाळून पांढरा झालेला. डाव्या दाराला पोचा आलाय, आतून ठोकला तर निघेल. वरची बिजागरी पुन्हा बसलीये, पितळी वायसर बहुतेक गेला. झडप उघडी, तिच्यातून वेळूच्या काठ्यांची एक मोळी बाहेर, तिला निळी ताडपत्री बांधून दुकानाचं छप्पर केलेलं. मी याचा विचार केला नव्हता. झडप बनवताना इतके महिने तिच्याकडे बघत होतो आणि हा विचार केला नव्हता.

ईइमुरा-सान ओरडून म्हणाली, “आवाज नाही! भरल्यावर अजिबात नाही!”

“परत जाताना?” मी विचारलं.

“जाताना येतो. पण तेव्हा सगळं विकलेलं असतं, मला बरा वाटतो.”

मी बिजागरीबद्दल सांगितलं. म्हटलं, पुढच्या शनिवारी येऊन बसवून देतो, पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, या, पण कपडे चांगले घालू नका.

सुप्रभाने दोन मोठ्या गड्ड्या घेतल्या. पिशवी जड, तळाला पाणी सुटलेलं. स्टॉपपर्यंत रस्ता बराच आहे. तिने सवयीने उजवा हात पुढे केला, मग मनगट आठवलं आणि डावा.

“इकडे दे,” मी म्हटलं.

“पँटला लागेल हो. चिखल आहे.”

लागला. बसमध्ये बसेपर्यंत डावा पाय गुडघ्यापर्यंत भरला होता. पिशवी मांडीवरच ठेवली, खाली ठेवली असती तर लोकांचे पाय लागले असते.